वस्तू आणि वाटा : मुंबईच्या संग्रहालयातील आशियाई दालनांचे एक परीक्षण

१

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चीन व जपान ह्या देशांच्या आणि नेपाळ-तिबेट ह्या हिमालयीन प्रदेशाच्या कलावस्तू स्थायी स्वरूपात मांडलेल्या आहेत. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला आशियाच्या इतर भागांतील कला प्रत्यक्ष पाहावयाची झाल्यास त्याची पावले साहजिकच ह्या दालनांकडे वळतात. संग्रहाच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो मांडणीचा. ह्या दालनांतून हिंडताना प्रेक्षकाला चीनची कला, जपानची कला, हिमालयाची कला ह्यांचा पृथक् परिचय घडतो. परंतु ह्या प्रदेशांमध्ये परस्परांत, आणि त्यांच्यात व महाराष्ट्रात, जी देवघेव शतकानुशतके झाली तिचे ज्ञान त्याला कितपत होते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'सांस्कृतिक विनिमय' हा शब्दप्रयोग अलीकडे इतका सैलपणे वापरला जातो की त्याचा अर्थ प्रथम निश्चित करून घेणे इष्ट ठरेल. परदेशची वस्तू आपल्याकडे आली एवढ्याने विनिमय सिद्ध होत नाही. ती केवळ आवक होय. विनिमयाला देणारा लागतो, घेणारा लागतो आणि दोघांना जोडणारी वाट लागते. शिवाय घेणाऱ्याने मोबदल्यात काय दिले ह्याचाही हिशेब लागतो. ह्या चारांपैकी संग्रहालयात सहसा एकाच घटकाचे दर्शन घडते. वस्तू घडविणारा देश तेवढा पाटीवर येतो; घेणारा, वाट आणि मोबदला ही तिन्ही भिंतीआड राहतात.

ह्या उणिवेचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी पाहणाऱ्याची जागा बदलून पाहणे उपयुक्त आहे. मुंबईच्या बंदरावर उभे राहून आशियाकडे पाहिले म्हणजे चीन आणि जपान समुद्रापलीकडे, पण एकाच जलमार्गावर आहेत असे वाटते. हेच बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीड येथून पाहिले तर काय दिसते? सिंदखेड राजा तालुक्यातील हे गाव जिल्ह्याच्या 'घाटावर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पठारी भागात आहे. तेथे बंदर नाही, राजदरबार नव्हता, कलासंग्रह नाही. ह्या गावातून मुंबईस आलेल्या विद्यार्थ्याने चिनी व जपानी दालनातील काचेच्या कपाटांसमोर उभे राहावे आणि त्या वस्तूंशी आपल्या गावशिवाराचा काही संबंध आहे काय असे विचारावे, तर आजच्या मांडणीतून त्याला उत्तर मिळत नाही. उत्तर नाही म्हणून संबंध नाही असे तो समजेल. परंतु संबंध आहे, आणि तो वरवरचा नाही. तो दाखविता येणे ही स्थायी मांडणीची खरी कसोटी होय.

२

आजची मांडणी ज्या क्रमाने घडली तो क्रम आधी पाहिला पाहिजे, कारण तिच्या गुणदोषांचे मूळ संग्रहाच्या इतिहासात आहे. ह्या वास्तूची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स ह्यांच्या हस्ते बसविण्यात आली. जॉर्ज विटेट ह्यांनी आराखडा केलेली इमारत १९१४ साली पुरी झाली; परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय लोकांसाठी खुले झाले ते १० जानेवारी १९२२ रोजी. 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम' हे तिचे मूळ नाव १९९८ साली बदलण्यात आले.

आरंभापासून ही संस्था मुख्यतः देणग्यांवर वाढली. पूर्व आशियाई वस्तूंच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. सर रतन टाटा (१८७१–१९१८) ह्यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर संग्रहालयाकडे आला आणि सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) ह्यांचा संग्रह १९३३ साली मिळाला. चिनी मातीची भांडी, जेडच्या म्हणजे यशबाच्या कोरीव वस्तू, तपकिरीच्या नाजूक कुप्या, जपानी हस्तिदंती शिल्पे आणि मिन्याच्या कामाची पात्रे ह्यांनी सजलेले दालन हे प्रामुख्याने ह्या दोन बंधूंच्या रसिकतेचे फळ आहे.

अशा संग्रहाला संग्राहकाची आवड हेच सूत्र असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी युरोपात व मुंबईत पूर्वेकडील कलाकुसरीच्या वस्तूंना जी प्रतिष्ठा होती तिचे प्रतिबिंब त्यात पडले आहे. कारागिरीचे नैपुण्य, द्रव्याची दुर्मिळता आणि डोळ्यांना सुखविणारी सफाई हे निवडीचे निकष होते. संग्रहालयाने पुढे त्यावर देशवार आणि माध्यमवार वर्गीकरण चढविले. शिल्पे एकीकडे, लघुचित्रे दुसरीकडे, शस्त्रे तिसरीकडे. चीन-जपान एका दालनात, हिमालय दुसऱ्यात. ज्ञानाची सोय म्हणून हे वर्गीकरण उपयुक्त आहे आणि त्या काळच्या बहुतेक संग्रहालयांनी तेच स्वीकारले. तथापि ह्या पद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे. प्रत्येक देशाची कला ही त्या देशाच्या मातीतून स्वतंत्रपणे उगवली, असे ते गृहीतक होय. ते खरे आहे की नाही हे त्याच दालनांतील वस्तूंना विचारून पाहावे.

३

निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचे उदाहरण घ्यावे. चीनची म्हणून जगभर ओळखली गेलेली ही रीत चौदाव्या शतकात जिंगदेझेनच्या भट्ट्यांत परिणतीला पोहोचली. पण तिच्यातील निळा रंग ज्या कोबाल्टपासून सिद्ध होई तो आरंभी इराणकडून आयात होत असे, आणि ह्या भांड्यांचे मोठे ग्राहकही पश्चिम आशियातच होते. चिनी माती, इराणी रंग आणि मुसलमानी जगाची मागणी ह्या तिहींच्या संयोगातून जे पात्र निर्माण झाले त्याच्या पाटीवर केवळ 'चीन' हा शब्द लिहिणे चुकीचे नाही, पण ते अपुरे मात्र निश्चित आहे. मराठी भाषेने ह्या वस्तूचा उगम आपल्यापुरता नोंदवून ठेवला आहे. घाटावरच्या कोणत्याही घरात लोणच्याच्या बरणीला 'चिनी मातीची' म्हणतात. ती बरणी भारतातील कारखान्यात बनली असली तरी नाव पालटत नाही. दालनातील उंची पात्र आणि स्वयंपाकघरातील बरणी ह्यांच्यातील हे नाते एका वाक्यात सांगता येण्याजोगे आहे.

यशबाचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. चिनी यशबवस्तू चिनी दालनात आहेत. मोगल परंपरेतील यशबवस्तू भारतीय सजावटी कलांच्या विभागात. प्रेक्षकाला ह्या दोन परंपरा एकमेकींस अपरिचित वाटाव्यात अशीच ही व्यवस्था आहे. वस्तुतः दोहोंना लागणारा शुभ्र-हिरवट यशब मध्य आशियातील खोतानच्या परिसरातून येत असे. मोगल कारागिरांनी फुलापानांच्या आकारात कोरलेली पातळ पात्रे अठराव्या शतकात चीनच्या दरबारात पोहोचली; सम्राट छ्येनलुंग ह्याला त्यांचे एवढे वेड होते की त्याने त्यांच्यावर काव्ये रचली आणि चिनी कारागिरांनी त्या शैलीचे अनुकरण केले. म्हणजे एकच पाषाण दोन दिशांना गेला, दोन प्रकारे कोरला गेला आणि त्यांतील एक प्रकार पुन्हा दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. ही कथा सांगण्यासाठी नवी वस्तू मिळविण्याची आवश्यकता नाही. दोन दालनांतील दोन वाट्या शेजारी ठेवणे पुरेसे आहे. ज्याला विनिमय म्हणावयाचे त्याचे इतके निर्भेळ प्रमाण हाताशी असता ते भिंतींनी विभागलेले राहावे, हा मांडणीचा दोष मानला पाहिजे.

हस्तिदंताविषयी थोडक्यात एवढेच म्हणता येईल की जपानात हत्ती नाही. मेइजी काळातील जपानी शिल्पकारांनी ज्या दंतावर आपली कला प्रकट केली तो दूरदेशीहून समुद्रमार्गे आलेला होता. हिमालयीन दालनासही हाच न्याय लागू पडतो. नेपाळचा नेवार शिल्पी अरनिको (१२४५–१३०६) हा तिबेटमार्गे कुब्लाईखानाच्या दरबारी गेला आणि बीजिंगमधील शुभ्र स्तूप ही त्याची ख्यातनाम कृती होय. ज्या परंपरेने चीनला स्तूप दिला आणि ज्या परंपरेने तो स्वीकारला त्या दोन्ही एकाच इमारतीत आहेत, पण त्यांची गाठ पडत नाही.

संग्रहालयातील असीरियाच्या शिल्पपट्टांबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. हे पट्ट नीमरूद येथील असुरनासिरपाल दुसरा ह्याच्या इ. स. पू. नवव्या शतकातील राजवाड्याचे. एकोणिसाव्या शतकात मेसोपोटेमियात उत्खनित झालेल्या शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे इंग्लंडला रवाना होत. म्हणजे ह्या पाषाणांना दोन इतिहास आहेत : एक राजवाड्याचा, दुसरा प्रवासाचा. पहिला जगातील कोणत्याही संग्रहालयात सांगितला जातो. दुसरा सांगण्याचा अधिकार मुंबईइतका क्वचितच कोणाला असेल.

४

ह्या ठिकाणी एक विसंगती नोंदविणे प्राप्त आहे. ह्याच संग्रहालयाचे संचालकपद दीर्घकाळ भूषविलेले डॉ. मोतीचंद्र ह्यांनी प्राचीन भारताच्या व्यापारी मार्गांवर 'सार्थवाह' हा हिंदी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. तांडा घेऊन दूरदेशी जाणारा जो नायक तो सार्थवाह. साहित्य, शिलालेख व पुरावशेष ह्यांच्या आधारे रस्ते, घाट, बंदरे आणि त्यांवरून चालणारी माणसे ह्यांचा एवढा साक्षेपी अभ्यास त्यापूर्वी क्वचितच झाला होता. वाटांचा असा अभ्यासक लाभलेल्या संस्थेत वस्तू मात्र देशांच्या चौकटींतच राहिल्या. ग्रंथालयात जो विचार सिद्ध झाला तो दालनात उतरला नाही.

'सार्थवाहा'च्या दृष्टीने पाहू लागले की विदर्भाचे स्थान तत्काळ बदलते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजने ह्या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या उत्खननात प्राचीन वसाहत आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. पूर्णेच्या काठचे हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. त्याच जिल्ह्यातून जाणारी अजिंठ्याची डोंगररांग पश्चिमेकडे ज्या लेण्यांपाशी पोहोचते तेथील चित्रांत परदेशी वेशाची माणसे आहेत, आणि त्यांतील काही गर्द निळाई अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्दाची आहे. सातव्या शतकात युआन श्वांग महाराष्ट्रात आला होता व त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार म्हणजे अजिंठाच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चिनी यात्रेकरूचा मार्ग, अफगाणी रंग आणि पूर्णाकाठचा स्तूप हे सर्व एकाच प्रदेशाच्या परिघात आहे. समुद्रापासून दूर असणे म्हणजे जगापासून दूर असणे, असा समज त्यामुळे टिकत नाही.

मध्ययुगात व त्यानंतर तर हा प्रदेश आशियाई व्यापाराच्या मुळाशीच होता असे म्हणता येते. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर, मच्छलीपट्टण व त्याच्या आसपास, जी रंगीत व छापील छिटे तयार होत त्यांना इराण, सयाम आणि इंडोनेशियाच्या बेटांत मोठी मागणी होती. डच व्यापाऱ्यांमार्फत ती जपानातही पोहोचली. तेथे त्यांस 'सारासा' म्हणत आणि चहाविधीतील मूल्यवान पात्रांच्या पिशव्या त्यांच्या तुकड्यांतून शिवीत. ही छिटे विणणाऱ्यांना लागणारा कापूस सर्वस्वी किनाऱ्यावरच पिकत नसे. दख्खनच्या काळ्या जमिनीतला, विशेषतः वऱ्हाडचा, कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर शेकडो मैल वाहून किनाऱ्याच्या बाजारपेठांत नेला जाई. क्योतोतील चहाच्या पेटीभोवती गुंडाळलेल्या चिंधीत वऱ्हाडच्या शेताचा धागा असणे म्हणूनच कल्पनाविलास ठरत नाही. व्यापाराच्या ज्ञात रचनेत ते पूर्णपणे संभवते. एखादा विशिष्ट तुकडा विशिष्ट गावाशी जोडता येणार नाही हे उघड आहे. परंतु संग्रहालयाच्या पाटीवर छिटाचे जन्मस्थान 'कोरोमंडल' असे लिहिताना कापसाचे जन्मस्थानही लिहिता येते, आणि ते लिहिले की बंजारा तांड्याचा नायक प्रथमच त्या कथेत प्रवेश करतो.

दुसरबीडच्या जवळच असलेल्या सिंदखेड राजाकडेही ह्याच दृष्टीने पाहावे. जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्र त्याला वंदन करतो. तेथील लखुजी जाधवरावांच्या समाधीची कमानी-घुमटांची बांधणी ही दख्खनी सुलतानशाहीच्या वास्तुपरंपरेतली आहे, आणि त्या परंपरेचे धागे इराण व मध्य आशियापर्यंत जातात. ज्या निजामशाहीत लखुजींनी चाकरी केली तिच्या दरबारात दख्खनी, इराणी आणि हबशी सरदार एकत्र वावरत होते. आशियाई विनिमय पाहण्यासाठी ह्या तालुक्यातील माणसाला मुंबईस जाण्याची वस्तुतः गरज नाही. तो पाहण्याची दृष्टी त्याला देणे, हे मात्र मुंबईच्या संग्रहालयाचे काम आहे.

५

येथवर जे सांगितले ते जुन्या काळाचे. आधुनिक काळात ह्या नात्याने जे वळण घेतले त्यामुळे प्रस्तुत दालनाचा अर्थच पालटतो, आणि ह्या परीक्षणाचा मुख्य मुद्दाही तोच आहे.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) तेथील कापसाचा पुरवठा तुटताच वऱ्हाडी कापसाला अपूर्व तेजी आली. लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला; १८७० साली लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत खामगावची शाखा खुली झाली आणि ते गाव वऱ्हाडच्या कापूसबाजाराचे एक मुख्य ठाणे बनले. घाटावरचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून खालच्या बाजारात जाई; विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे आल्यावर जालना हीही एक दिशा झाली. मुंबईच्या बाजारात ह्या मुलखाच्या कापसाला उमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. गावोगावचा माल एका नावाखाली एकवटला आणि दुसरबीडसारख्या गावाचे नाव गाठीवरून पुसले गेले.

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर निवडण्याचे प्रमुख कारण कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाचे सान्निध्य हे होते. ह्या काळात भारतीय गिरण्यांच्या सुताची मोठी बाजारपेठ चीन ही होती. पुढे जपानच्या गिरण्या वाढू लागल्या तशी त्यांना कच्च्या कापसाची निकड भासली. १८९३ साली जमशेटजी जपानला गेले, निप्पॉन यूसेन कायशा ह्या जहाजकंपनीशी त्यांनी बोलणी केली आणि त्याच वर्षी मुंबई व कोबे ह्यांच्यामध्ये जपानी जहाजांची नियमित वाहतूक सुरू झाली. पी अँड ओ कंपनीच्या भाड्याच्या मक्तेदारीस त्यामुळे प्रथम आव्हान मिळाले. टाटांचा स्वतःचा जहाजी उपक्रम फार काळ टिकला नाही, परंतु मार्ग टिकला. आखूड धाग्याचा हिंदी कापूस इतर कापसात मिसळून सूत काढण्याचे तंत्र जपानी गिरण्यांनी आत्मसात केले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. जपानी कापूसकंपन्यांनी मुंबईत शाखा उघडल्या आणि कापसाच्या मुलखातूनही खरेदी केली.

आता दालनातील वस्तूंकडे पुन्हा वळावे. ज्या घराण्याने त्या जमविल्या त्याच्या संपत्तीत नागपूरच्या गिरणीचा आणि पूर्वेकडील व्यापाराचा वाटा मोठा होता. जपानी हस्तिदंती मूर्ती कपाटात आहे. जपानकडे गेलेला कापूस कपाटात नाही. विनिमयाचे एक पारडे प्रेक्षकासमोर आहे, दुसरे नाही. संग्राहकाचे नाव भिंतीवर आहे आणि ते असावयासच हवे, कारण त्याने आपला संग्रह समाजाला अर्पण केला. पण ज्यांच्या श्रमातून ते दातृत्व शक्य झाले त्या शेतकऱ्याचा, वेचणीच्या मजूर स्त्रीचा, सरकीकाढणीच्या कारखान्यातील कामगाराचा उल्लेख केल्याने दात्याच्या गौरवास बाध येत नाही. त्याने कथा पूर्ण होते.

ह्या व्यवहाराची दुसरी बाजूही झाकून ठेवण्याचे कारण नाही. हिंदुस्थान सरकारने कापडावरील जकात वाढविल्यामुळे जपानी गिरणीमालकांनी १९३३ साली हिंदी कापसावर बहिष्कार पुकारला. १९३४ च्या करारात मग असे ठरले की जपानने दहा लाख गाठी उचलल्या तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड येथे विकता येईल. सर दोराबजींचा संग्रह ह्याच १९३३ साली संग्रहालयाला मिळाला. एकीकडे जपानी कलाकृती मुंबईच्या दालनात प्रवेश करीत होत्या आणि दुसरीकडे जपानच्या नकारामुळे कापसाच्या बाजारावर संकट आले होते. ही दोन्ही सत्ये एकाच पाटीवर लिहिता आली तर 'विनिमय' ह्या शब्दाला भाबडेपणाचा जो वास येतो तो जाईल. तीच गोष्ट चीनची. एकोणिसाव्या शतकातील मुंबई-चीन व्यापारात कापसाच्या जोडीला अफू होती; पारशी कुटुंबांतील भरतकामाच्या गारा साड्या त्याच जलमार्गाने आल्या. तपकिरीच्या कुपीचे कौतुक करताना त्या मार्गावरून काय गेले हेही विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे.

६

ह्या विवेचनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की हे कलेचे संग्रहालय आहे, अर्थशास्त्राचे नव्हे. कलावस्तू तिच्या सौंदर्यासाठी पाहावी, कापसाच्या भावासाठी नव्हे. ह्या आक्षेपात तथ्य आहे. पाट्यांचा मजकूर वाढत जाऊन वस्तूच दिसेनाशी व्हावी हा अलीकडच्या अनेक मांडण्यांचा दोष होय, आणि एका दोषाच्या जागी दुसरा आणण्यात अर्थ नाही. तथापि सौंदर्याचा आस्वाद आणि उगमाचे ज्ञान ह्यांत विरोध मानण्याचे कारण नाही. इराणी कोबाल्टची माहिती झाल्याने चिनी कलशाची निळाई फिकी पडत नाही; डोळा तिच्यावर अधिक काळ ठरतो.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. देणगीदारांचे संग्रह विखुरता येत नाहीत, जागा मर्यादित असते, स्थायी दालने वारंवार बदलता येत नाहीत. परंतु ह्याच संस्थेने ह्या आक्षेपाचे उत्तर स्वतः देऊन ठेवले आहे. नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ ह्या काळात ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय ह्यांच्या सहकार्याने येथे भरलेल्या 'इंडिया अँड द वर्ल्ड' ह्या प्रदर्शनात भारतीय वस्तू आणि जगाच्या इतर भागांतील समकालीन वस्तू नऊ कथासूत्रांत शेजारी-शेजारी मांडल्या होत्या. देशांच्या भिंती पाडून वस्तूंना परस्परांशी बोलते करता येते, हे त्या प्रदर्शनाने मुंबईच्याच प्रेक्षकांसमोर सिद्ध केले. ते तात्पुरते होते. पाहुण्या वस्तू परत गेल्या. पण त्या मांडणीमागचा विचार कोठे परत पाठवावयाचा नव्हता. स्थायी दालनांनी तो विचार आपलासा केला असता तर त्या प्रदर्शनाचे फळ अधिक टिकाऊ झाले असते.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक गावाने आपला संबंध शोधण्याचा आग्रह धरला तर संग्रहालयाची सार्वत्रिकता नष्ट होईल आणि प्रादेशिक अभिमानाचे प्रदर्शन सुरू होईल, अशी भीती कोणी व्यक्त करील. ती अनाठायी नाही. येथे दुसरबीडचे नाव घेतले ते त्या गावाला मखरात बसविण्यासाठी नव्हे. ज्या शेकडो गावांची नावे गाठींवरून पुसली गेली त्यांचे ते प्रतिनिधी आहे. अभिमानाला येथे फारसा वाव नाही, कारण ह्या कथेत तेजीबरोबर मंदी आहे, आणि नफा बहुधा दुसरीकडेच गेला आहे. मागणी केवळ एवढीच आहे की विनिमयाचा नकाशा काढताना बंदराशी रेघ थांबू नये.

७

सारांश, ह्या दालनांत उणीव वस्तूंची नाही, संबंधांची आहे. ती दूर करण्यासाठी फार मोठ्या खटाटोपाची गरज नाही. मोगल आणि चिनी यशबाच्या दोन पात्रांना एका कपाटात आणावे. निळ्या-पांढऱ्या कलशाशेजारी कोबाल्टच्या प्रवासाचा नकाशा असावा. वस्त्रदालनात वस्त्राच्या जन्मस्थानाबरोबर कापसाच्या जन्मस्थानाची नोंद व्हावी. आणि टाटा संग्रहाच्या प्रवेशद्वाराशी, संग्राहकांच्या नावाखाली, एक काचेची पेटी असावी : तीत वऱ्हाडच्या कापसाचे एक बोंड, खामगाव ते मुंबई ते कोबे असा मार्ग, आणि १८७७, १८९३ व १९३३ ही तीन साले. ही पेटी त्या दालनातील सर्वांत स्वस्त वस्तू ठरेल, परंतु इतर सर्व वस्तूंचा हिशेब तिच्यामुळे लागेल.

संग्रहालयाने २०१५ सालापासून फिरत्या बसमधून आपल्या वस्तू गावोगावच्या शाळांपर्यंत नेण्याचा उपक्रम चालविला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र संग्रहालय गावापर्यंत नेणे हा अर्धा भाग झाला. गावाला संग्रहालयात त्याची जागा दाखविणे हा उरलेला अर्धा. विद्यापीठांच्या पदव्युत्तर विभागांनीही ह्यात आपला वाटा उचलला पाहिजे. जिनिंग कारखान्यांच्या जुन्या वह्या, बाजारसमित्यांची दप्तरे, तांड्यांच्या मौखिक परंपरा ही सामग्री विदर्भात व मराठवाड्यात आहे आणि ती दिवसेंदिवस नष्ट होत आहे. भोनचा स्तूप जसा पाण्याखाली जाण्याच्या मार्गावर आहे तशीच ही कागदपत्रेही वाळवीच्या मार्गावर आहेत. ती तपासली गेली तर संग्रहालयाच्या पाटीवर लिहावयाचे वाक्य अधिक नेमके होईल. न तपासली गेली तर 'ऊमरा' ह्या एका शब्दापलीकडे त्या गावांची कोणतीच खूण उरणार नाही.